कमी खर्चात कापडी लंगोट : नागपुरातील नव्या आईवडिलांसाठी

एकदा वापरून फेकायच्या डायपरची किंमत १० रुपये धरली आणि बाळाला दिवसाला ८ डायपर लागतात असे मानले, तर महिन्याचा खर्च २४०० रुपये होतो आणि दोन वर्षांत तो ५७,६०० रुपयांवर जातो. बाळ वाढते तशी डायपरची संख्या घटते, परंतु मोठ्या मापाचा डायपर महाग मिळतो, त्यामुळे हिशेब फारसा हलका होत नाही. दुसरीकडे, बटणांचे तयार कापडी डायपर घ्यायचे म्हटले आणि एकाची किंमत ४०० रुपये धरली, तर २४ नगांना ९६०० रुपये एकदम मोजावे लागतात. बाळंतपणाचा खर्च नुकताच होऊन गेलेल्या घरात ही रक्कम उभी करणे सोपे नसते, आणि अनेक जण इथेच कापडी लंगोटांचा विचार सोडून देतात. या लेखात सांगितलेला मार्ग या दोहोंपेक्षा स्वस्त आहे. घरातील जुने सुती कापड, पिको करणाऱ्या दुकानदाराला दिलेले थोडे पैसे आणि पुढे सवडीने घेतलेली, लंगोटावर घालायची तीन-चार जलरोधक कव्हरे एवढ्यावर तो चालतो. त्याची खरी किंमत श्रमांत मोजावी लागते, म्हणून तयारीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक निर्णय धुण्याचे काम कमी होईल अशा बेताने घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

आधी धुणार कोण, ते ठरवा

कापड गोळा करण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा. बाळंतिणीने, विशेषतः सिझेरियन झालेल्या बाईने, मोरीत उकिडवे बसून रोज बारा-पंधरा लंगोट धुऊ नयेत. भरलेली बादली उचलणे तर तिच्यासाठी आणखी वाईट. माहेरी आई किंवा मावशी हे काम करते, पण सव्वा महिन्यानंतर सासरी किंवा भाड्याच्या दोन खोल्यांत परतल्यावर ते पुन्हा तिच्याच अंगावर येते, आणि मग महिनाभरात सगळे घर डायपरकडे वळते. बाळाच्या वडिलांनी सकाळी कामावर जाण्यापूर्वीचे धुणे आपल्याकडे घ्यावे, हे मला सर्वांत न्याय्य वाटते. सकाळी पिळून वाळत टाकलेले कापड संध्याकाळपर्यंत वाळते, आणि घड्या घालण्याचे काम बसल्या जागी कोणालाही करता येते. धुण्यासाठी बाई येत असेल तर तिला आधीच स्पष्ट सांगावे आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. नेहमीच्या कपड्यांत लपवून लंगोट देणे योग्य नाही.

कापड कोणते घ्यावे

बाळाच्या अंगाला लागणारे कापड शंभर टक्के सुती असावे. अनेक वेळा धुतलेली सुती साडी, नऊवारी लुगडे, धोतर, मलमलीचा दुपट्टा, जुन्या सुती चादरी आणि होजिअरीचे बनियन हे सर्व उत्तम आहे, कारण वापरून मऊ झालेले कापड पाणी झटकन शोषते. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे ते सुरुवातीला पाणी धरत नाही. तीन ते पाच वेळा गरम पाण्यात धुऊन वाळवल्यावर त्याची शोषण्याची ताकद वाढते. हे काम सातव्या-आठव्या महिन्यातच उरकून घ्यावे.

साडी सुती दिसते, पण तिच्यात पॉलिएस्टर मिसळलेले असते, असे आता फार वेळा आढळते. ओळखण्याची सोपी रीत अशी : कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. सुती कापडात तो लगेच पसरून मुरतो, मिश्र कापडावर काही क्षण मोत्यासारखा उभा राहतो. तरीही शंका राहिली तर कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, तर पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी उरतो. जरीचे काठ, खडी, टिकल्या आणि जाड भरतकाम कापून काढावे. रंग जाणारी साडी वापरू नये. ओला पांढरा रुमाल कापडावर घासल्यावर त्याला रंग लागला, तर ती साडी बाजूला ठेवावी.

येथे एक गोष्ट मी सर्वांत गंभीरपणे सांगतो. आजीच्या ट्रंकेतून काढलेल्या साड्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या असतील, तर ते कापड नवजात बाळाला वापरू नये. या गोळ्यांतील नॅफ्थलीनची वाफ कापडात बसते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये तिच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे बहुतेक आईवडिलांना ठाऊक नसते. उन्हात एक दिवस टाकून किंवा एकदा धुऊन हा धोका पूर्णपणे जातो असे मानू नये. आठवणीची साडी कितीही मऊ असली, तरी तिच्याऐवजी रोजच्या वापरातली धुवट साडी घ्यावी. दुपटी, टोपडी आणि गोधडी यांनाही हाच नियम लागू आहे, आणि बाळाचे कपडे ठेवण्याच्या आलमारीतही या गोळ्या टाकू नयेत.

घरात पुरेसे सुती कापड नसेल तर गांधीबाग, इतवारी किंवा महालातील कापड दुकानांत मलमल मीटरवर मिळते. कटपीसच्या दुकानांत आधी चौकशी करावी, कारण लंगोटाला सलग लांब कापड लागत नाही आणि उरलेले तुकडे स्वस्त पडतात. खरेदीला जाताना पाण्याची छोटी बाटली सोबत ठेवावी आणि दुकानदाराची परवानगी घेऊन कोपऱ्यावर थेंबाची परीक्षा करावी; नव्या कापडाला खळ असल्यामुळे थेंब हळू मुरेल, पण पूर्ण सुती कापडात तो मुरतोच.

कापणे आणि शिवणे

साडेपाच मीटर लांब आणि सुमारे ११५ सेंटिमीटर रुंद साडीतून दोन प्रकारे कापड निघते. नवजात बाळासाठी रुंदीचे दोन समान भाग करावेत आणि लांबीच्या बाजूनेही तेवढ्याच मापाने कापावे. असे केल्यावर सुमारे ५७ सेंटिमीटरचे १८ चौकोन मिळतात. तीन-चार महिन्यांच्या पुढच्या बाळासाठी साडीचे ७५ सेंटिमीटर लांबीचे ७ तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून तीन बाजूंनी शिलाई मारावी, म्हणजे दुहेरी थराचे मोठे कापड तयार होते. दोन साड्या असतील तर एक अशी आणि एक तशी कापणे मला सोयीचे वाटते. थर मात्र कायमचे एकत्र शिवून फार जाड करू नयेत. चार थरांची शिवलेली गादी छान दिसते, परंतु पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही. तेच चार थर सुटी घडी घालून वापरले, तर कापड उलगडून वाळत टाकता येते आणि लवकर हाती येते.

कडा सुटू नयेत म्हणून पिको-फॉलच्या दुकानात सगळे चौकोन एकदम द्यावेत. घरी शिलाई मशीन असेल तर बारीक दुमड घालावी, पण ती जाड होऊ देऊ नये, कारण जाड शिवण मांडीच्या घडीत काचते. बनियनच्या कापडाच्या कडांचे धागे सुटत नाहीत, म्हणून त्याला शिलाईची गरजच नसते. बनियन बाजूंनी उसवून त्याच्या ३५ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. या पट्ट्या लंगोटाच्या मध्यभागी जादा शोषणासाठी ठेवायच्या असतात. रात्रीसाठी जुन्या टॉवेलची एक पट्टी याच मापाची असावी.

बाजारात मिळणारे त्रिकोणी नाडीचे लंगोट स्वस्त असतात, आणि त्यांतले पाच-सहा घेण्यास हरकत नाही. मात्र नाडी लांब असेल तर ती वीतभर ठेवून बाकी कापून टाकावी. सेफ्टी पिन वापरू नये. कापडाची दोन टोके बाजूला सैल गाठीने बांधता येतात, किंवा लंगोटावर ताणून बसणारी सुती चड्डी घालता येते.

किती लागतील

नवजात बाळ दिवसाला दहा-बारा वेळा कापड ओले करते. रोज धुणे होत असेल तर २४ चौकोन, दहा-बारा पट्ट्या आणि आठ-दहा दुपटी पुरतात. जून ते सप्टेंबर या काळात प्रसूती होणार असेल तर चौकोन ३६ पर्यंत न्यावेत. यापेक्षा जास्त साठा करू नये. कापड भरपूर असले की धुणे पुढे ढकलले जाते आणि तुंबलेले धुणे दुप्पट त्रास देते. गादीच्या बचावासाठी मेणकापडाचा एक तुकडा आणि त्यावर पसरायला जाड सुती चादर ठेवावी. मेणकापड उघडे बाळाच्या पाठीखाली घालू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यावर घामोळे आलेच म्हणून समजा.

पहिला महिना

पहिले दोन-तीन दिवस बाळाची शी काळपट हिरवी आणि डिंकासारखी चिकट असते. ती कापडातून सहज निघत नाही, म्हणून त्या दिवसांसाठी अगदी जुनी, टाकून देता येतील अशी फडकी रुग्णालयाच्या पिशवीत भरावीत. डागा रुग्णालयात, मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा खासगी दवाखान्यात प्रसूती होणार असली, तरी तिथे धुण्या-वाळवण्याची सोय आपल्या हातात नसते, त्यामुळे तेवढ्या दिवसांपुरते डायपर वापरले तरी बिघडत नाही. घरी आल्यावर कापडाला सुरुवात करावी.

घालण्याची पद्धत अशी आहे. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करावा आणि लांब बाजू बाळाच्या कमरेखाली येईल असा पसरावा. दुसरे कापड किंवा बनियनची पट्टी लांबट घडी करून मधोमध ठेवावी. मुलगा असेल तर घडीचा जाड भाग पुढे यावा, मुलगी असेल तर मध्यभागी. बाळाला त्यावर ठेवून त्रिकोणाचे टोक पायांमधून वर घ्यावे, दोन्ही बाजू पोटावर आणाव्यात आणि गाठ बाजूला बांधावी. कमरेपाशी आपली दोन बोटे सहज जातील एवढी सैल जागा हवी. नाळेचा तुकडा साधारण एक ते दोन आठवड्यांत गळून पडतो. तोपर्यंत लंगोटाचा वरचा काठ बेंबीच्या खाली दुमडून ठेवावा, म्हणजे तिला हवा लागेल आणि शू तिथपर्यंत पोहोचणार नाही. नाळेवर हळद, तेल, राख किंवा पावडर लावू नये. लंगोट घातल्यानंतर बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले राहतात, आणि खुब्याच्या सांध्यासाठी तीच योग्य स्थिती आहे. त्यावर दुपटे गुंडाळताना पाय सरळ करून आवळण्याची सवय घरात असेल, तर ती मोडावी. घट्ट बांधलेल्या सरळ पायांमुळे खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते.

कापडाचा एक मोठा फायदा याच महिन्यात कळतो. बाळ किती वेळा ओले झाले हे नेमके मोजता येते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा ओले लंगोट व्हायला हवेत. त्याहून कमी झाले तर दूध पुरत नसण्याची शक्यता असते आणि डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत कापडावर विटेच्या भुकटीसारखा नारिंगी डाग दिसू शकतो, पण तो पुढेही येत राहिला तर तेही डॉक्टरांना सांगावे. आईच्या दुधावरच्या बाळाची पातळ, पिवळी, दाणेदार शी पाहून अनेक आज्या घाबरतात; ती नेहमीची आहे. परंतु शी पांढुरकी किंवा मातीच्या रंगाची दिसली, तर एक दिवसही थांबू नये, कारण तो पित्तनलिकेच्या आजाराचा संकेत असू शकतो आणि त्यावरील उपचार लवकर झाले तरच चांगला उपयोग होतो.

धुण्याची पद्धत

नवशिक्यांचा सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून हा भाग मी सविस्तर सांगतो.

ओले कापड बदलल्याबरोबर नळाखाली धरून गार पाण्याने खळबळून पिळावे. एवढे एकच काम वेळेवर झाले तर पुढचे अर्धे श्रम वाचतात, कारण शूमधील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते, आणि डोळ्यांना झोंबणारा तो वास एकदा कापडात बसला की साध्या धुण्याने निघत नाही. शी लागली असेल तर आधी ती संडासात काढावी. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते असा समज आहे, पण तो बरोबर नाही. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून ती अंगणातील नालीत किंवा उघड्यावर टाकू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. या पहिल्या खळबळण्यासाठी गरम पाणी घेऊ नये, त्याने डाग पक्का होतो.

पिळलेली कापडे झाकणाच्या बादलीत कोरडीच ठेवावीत. पाण्यात भिजत घालण्याची जुनी पद्धत मी सुचवत नाही. शिळ्या पाण्यात कापड कुबट होते, उघड्या स्वच्छ पाण्यात पावसाळ्यात डेंग्यूच्या डासांची अंडी होतात, आणि घरात रांगते मूल असेल तर भरलेली बादली त्याच्या जिवाला धोका ठरते. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

दिवसातून एकदा सगळी कापडे एकत्र धुवावीत. हाताला सोसवेल एवढ्या गरम पाण्यात डिटर्जंट पावडर विरघळवून त्यात कापडे अर्धा तास ठेवावीत, चोळावीत, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळावीत. बाळाचे कपडे म्हणून पावडर चिमूटभरच घालायची, ही समजूत चुकीची आहे. अपुऱ्या पावडरीत मळ आणि शूचे क्षार कापडातच राहतात आणि तेच त्वचेला झोंबतात. पावडर पुरेशी घालावी आणि ती पूर्ण काढावी. घरी बोअरवेलचे जड पाणी असेल तर साबणाच्या वडीचा पाण्यातील चुन्याशी संयोग होऊन चिकट थर बसतो, कापड हळूहळू राखाडी व कडक होते आणि शोषणे सोडते. अशा घरांत वडीऐवजी डिटर्जंट वापरावे आणि बादलीभर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा. नळाचे पाणी येत असेल तर तेच लंगोटांसाठी राखून ठेवावे आणि बोअरचे पाणी फरशीसाठी वापरावे. उन्हाळ्यात जिथे टँकर लागतो, तिथे शेवटच्या खळबळण्याचे जवळजवळ स्वच्छ पाणी झाकून ठेवून दिवसभर पहिल्या खळबळण्यासाठी वापरता येते. यात रोजची एक-दोन बादल्यांची बचत होते.

कापड मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नयेत, कारण ते धाग्यांवर थर धरून शोषण कमी करतात. जंतुनाशक द्रव रोजच्या धुण्यात घालण्याचीही गरज नाही. त्याचा अंश कापडात राहून त्वचा लाल होते. जुलाब झाल्यावर, बुरशीचा संसर्ग झाल्यावर, किंवा नात्यातून आलेले वापरलेले लंगोट हाती घेताना मात्र स्वच्छ धुतलेली सुती कापडे मोठ्या गंजात दहा मिनिटे उकळावीत. घरी मशीन असेल तर गार पाण्याने हाताने खळबळून झाल्यावर कापडे मशीनमध्ये टाकावीत, शक्य असल्यास ६० अंशांवर धुवावीत, आणि मशीन गच्च भरू नये.

पिवळे डाग ब्रशने घासत बसू नये. धुतलेले ओलसर कापड थेट उन्हात टाकले की आईच्या दुधावरच्या बाळाच्या शीचे डाग आपोआप फिके होतात, आणि ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे.

नागपूरचे तीन ऋतू

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा गच्चीवर टाकलेले मलमलीचे कापड तासाभराच्या आत वाळते. ते लगेच बाळाला गुंडाळू नये. घरात आणून थंड होऊ द्यावे, आणि कडक झाले असेल तर दोन्ही हातांत चोळून मऊ करावे. या दिवसांत बाळाला दुपारी फक्त एकेरी लंगोट पुरतो, आणि दिवसातून तीन-चार वेळा काही काळ तोही काढून ठेवावा. कूलर लावलेल्या खोलीत एक वेगळीच अडचण येते. तिथली हवा दमट असल्याने कापड वाळत नाही, आणि कूलरच्या थेट झोतात ओल्या लंगोटात पडलेले बाळ गारठते. म्हणून पाळणा झोताच्या बाजूला ठेवावा आणि ओले कापड तत्काळ बदलावे. ओल्या लंगोटांची संख्या उन्हाळ्यात एकाएकी घटली तर उष्णतेने बाळाच्या अंगातील पाणी कमी होत असल्याची शक्यता ध्यानात घ्यावी. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी न देता आईने अधिक वेळा अंगावर पाजावे. बाळ मलूल वाटले किंवा टाळू खोल गेलेली दिसली, तर दवाखाना गाठावा.

पावसाळा हा कसोटीचा काळ आहे. जाड कापडे या दिवसांत बाजूला ठेवावीत आणि मलमल व बनियनवरच भर द्यावा. कापड पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा दाबले तर बरेच पाणी निघते. दोऱ्या पंख्याखाली बांधाव्यात, कापडांमध्ये हाताच्या पंजाएवढे अंतर ठेवावे, आणि किंचित ओल राहिली तर इस्त्री फिरवून ती घालवावी. ओलसर कापड घडी करून ठेवू नये, त्यावर काळे ठिपके धरतात. शेगडीवर टोपली पालथी घालून निखाऱ्यांच्या धगीवर लंगोट वाळवण्याची रीत अजून काही घरांत आहे. बंद खोलीतील तो धूर आणि कोळशाचा वायू बाळाच्या श्वासासाठी घातक असतो, शिवाय कापड पेट घेण्याची भीती असते. ज्येष्ठांना समजावून ही रीत थांबवावी.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. लंगोटात दोन पट्ट्या ठेवाव्यात आणि दुपारचे ऊन लवकर सरकते म्हणून धुणे सकाळीच आटोपावे.

कव्हर केव्हा घ्यावे

लंगोटावर घालायचे जलरोधक कव्हर सुरुवातीला घेऊ नये. दोन महिने घरात कव्हरशिवाय काढता येतात, आणि त्यात त्वचेचे भलेच होते. बाळ साडेचार-पाच किलोचे झाले की बटणांनी माप लहान-मोठे करता येणारी तीन-चार कव्हरे घ्यावीत. तीच पुढे दोन वर्षांपर्यंत चालतात. आतून पीयूएलचा, म्हणजे कापडावर चिकटवलेल्या पातळ पॉलियुरेथेनचा, थर असलेले कव्हर हवे. जुन्या पद्धतीची प्लास्टिकची चड्डी आपल्या हवामानात बाळाच्या त्वचेला सोसत नाही. एका कव्हरमध्ये घडीचे कापड तेवढे बदलत राहावे, शी लागली तरच कव्हर धुवावे. हे कव्हर उकळू नये, त्यावर इस्त्री फिरवू नये, आणि मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास ठेवू नये. आतला थर तडकतो आणि कव्हर गळू लागते. चिकटपट्टीचे कव्हर धुताना पट्टी बंद करावी.

दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील लसीकरणाला जाताना कव्हर उपयोगी पडते. पिशवीत पाच-सहा घड्या, एक जादा कव्हर, ओले फडके आणि वापरलेल्या कापडांसाठी झिपची जाड पिशवी ठेवावी. लांबच्या प्रवासाला किंवा आईला सलग झोप मिळावी म्हणून रात्री एक डायपर वापरला, तर त्यात काहीही चुकले असे मानू नये. दिवसाला आठऐवजी एकच डायपर लागला, तरी महिन्याचे २१०० रुपये वाचतात. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचरागाडीत वेगळा द्यावा. तो संडासात टाकला तर नळी तुंबते, आणि ओल्या कचऱ्यात मिसळला तर भांडेवाडीच्या कचरा डेपोत तो सगळा कचरा हाताळणाऱ्या माणसांच्या हाताला लागतो.

पुरळ आल्यास

कापडी लंगोटाने पुरळ येत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ओले कापड दर दोन तासांनी आणि शी झाल्याबरोबर बदलले नाही, तर ते येतेच. थोडी लाली असेल तर साध्या पाण्याने धुऊन, टिपून, लंगोट न घालता हवा लागू द्यावी आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. अंगाला लावायची टाल्कम पावडर तिथे भुरभुरू नये. तिचे कण श्वासातून फुप्फुसांत जातात. लाली मांडीच्या घड्यांत खोलवर असेल आणि तिच्याभोवती बारीक लाल ठिपके विखुरलेले दिसत असतील, तर ती बहुधा बुरशी असते, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमाशिवाय ती जात नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःहून मागून आणलेल्या मिश्र मलमांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत बरे वाटते, पण बाळाची नाजूक त्वचा पातळ होते.

सहा महिन्यांनंतर

वरचे अन्न सुरू झाले की शी घट्ट होते आणि तिला वास येऊ लागतो. मग बनियनची एक पातळ पट्टी सर्वांत वर ठेवावी. शी तिच्यावरच राहते, पट्टी उचलून संडासात झटकता येते आणि खालचे कापड फक्त ओले होते. याच सुमारास बाळाला ठरावीक वेळी शू-शी करवण्याची आपल्याकडची जुनी सवय फार कामी येते. झोपून उठल्यावर आणि दूध प्यायल्यानंतर थोड्या वेळाने बाळाला दोन्ही मांड्यांखाली हात घालून मोरीवर धरावे आणि तोंडाने आवाज करावा. मान सावरल्यानंतर हे करता येते, मात्र बाळ रडले किंवा अंग ताठ केले तर लगेच सोडून द्यावे. सकाळची एक शी जरी अशी संडासात झाली, तरी धुण्यातले सर्वांत नकोसे काम त्या दिवसापुरते संपते. रांगणाऱ्या बाळाचा त्रिकोणी लंगोट सुटतो, तेव्हा दिवसा ७५ सेंटिमीटरच्या दुहेरी कापडाची घडी कव्हरमध्ये घालावी. चालू लागलेल्या मुलाला घरात साधी सुती चड्डी घालून तासा-दीड तासाने मोरीवर न्यावे.

विरलेली कापडे फरशी पुसायला काढावीत आणि धडकी निवडून ठेवावीत. पुढच्या बाळासाठी ठेवताना ती पूर्ण वाळवून, सुती पिशवीत भरून, आलमारीच्या वरच्या कप्प्यात ठेवावीत. कीड लागू नये म्हणून कडुनिंबाची वाळलेली पाने पुरतात. कव्हरांचे इलॅस्टिक तोवर सैल झालेले असेल तर शिंप्याकडून नवे घालून घ्यावे, त्यासाठी नवी कव्हरे विकत घेण्याची गरज नाही.